आत्म्याची खातेवही

मनीषनगरात आम्ही राहतो त्या फ्लॅट स्कीमच्या फाटकाशी एक काळा फळा लावलेला आहे. पाण्याच्या टाकीची सफाई, मेंटेनन्सची थकबाकी, लिफ्टची दुरुस्ती अशा सूचना त्यावर खडूने लिहिल्या जातात. दीड वर्षापूर्वी आमचे वडील गेले, त्या सकाळी त्या फळ्यावर त्यांचे नाव होते. नावाआधी 'स्व.' असे लिहिले होते आणि खाली ओळ होती की ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. लिहिणारे आमच्याच जिन्यावरचे एक निवृत्त मास्तर. रात्री दोन वाजता अँब्युलन्ससाठी धावपळ करणारे, बाबांना स्ट्रेचरवर घेताना हात लावणारे तेच. त्यामुळे ती ओळ वाचून आम्हाला राग आला नाही. पण ती तशीच राहू द्यावी, असेही वाटले नाही.

कारण ज्यांच्या नावाने ती ओळ लिहिली होती, ते बाबा इंदोऱ्यात वाढलेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ते सहा वर्षांचे होते आणि आमच्या आजोबांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेले होते. पुढे डाक खात्यात नोकरी केली, घर चालवले, बहिणीला आणि आम्हाला शिकवले. आणि आयुष्यभर श्राद्ध, पिंड, पितर यांपैकी कशालाही घरात शिरू दिले नाही. अशा माणसाला मेल्यावर स्वर्गात पाठवायचे आणि त्याच्या आत्म्यासाठी ईश्वराकडे अर्ज करायचा, हे त्यांच्या हयातीवर बोळा फिरवण्यासारखे होते. आम्ही 'स्व.' पुसून तिथे 'कालकथित' लिहिले आणि खालच्या ओळीच्या जागी 'विनम्र अभिवादन' लिहिले. मास्तर जवळच उभे होते. ते म्हणाले, "वकीलसाहेब, माझं काही चुकलं का?" आम्ही म्हणालो, "नाही मास्तर, तुमची भावना आम्हाला पोचली. यावर आपण नंतर सावकाश बसून बोलू."

मास्तरांशी बोलणे सोपे होते. अवघड प्रश्न घरातून आला. जलदान विधीच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर आई भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "तुम्ही म्हणता आत्मा नाही. मंग तुहे बाबा गेले कुठी?" ताई आमच्याकडे पाहू लागली. वीस वर्षे आम्ही कोर्टात साक्षीदारांची उलटतपासणी घेत आलो आहोत, पण त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही आईचा हात हातात घेऊन नुसते बसून राहिलो. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरातला नाही, याची आम्हाला खात्री आहे.

धम्म स्वीकारून सात दशके होत आली. आम्ही देव्हारे काढले, नावे बदलली, लग्नाची पद्धत बदलली. पण मरण दारात आले की आमची भाषा डगमगते. निळ्या फ्लेक्सवर तथागतांचे चित्र, खाली कालकथितांचा फोटो आणि त्याच्याही खाली आत्म्याच्या शांतीची ओळ, असे फ्लेक्स आमच्याच वस्त्यांतून लागलेले आम्ही पाहिले आहेत. आमचे वक्ते व्यासपीठावरून विचारतात, की हे पाहून बाबासाहेबांच्या आत्म्याला काय वाटेल? ज्या महामानवाने २२ प्रतिज्ञांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडण्यासाठी खर्ची घातली, त्याच्यावरच आपण आत्मा लादतो! आपल्या नागपुरात तर स्मशानघाटाचे नावच मोक्षधाम आहे. म्हणजे प्रेत उचलायच्या आधीच ते कुठे जाणार, हे ठरून गेलेले असते. शब्द म्हणजे नुसते शब्द, त्यांना कशाला एवढे महत्त्व, असे काही धम्मबांधव म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. 'आत्मा' या शब्दामागे एक पूर्ण हिशेब उभा आहे आणि त्या हिशेबात आमच्या पूर्वजांच्या नावावर फार मोठी बाकी दाखवलेली आहे.

हिंदू मत म्हणून एकच मत नाही, हे आधी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सांख्य अनेक पुरुष मानतात. शंकराचार्यांचे अद्वैत सांगते की आत्मा एकच, तोच ब्रह्म, बाकी भेद अविद्येचे. मध्वाचार्य जीव आणि ईश्वर कायमचे वेगळे धरतात. या पंडितांची आपसात शतकानुशतके भांडणे झाली. पण एका मुद्द्यावर ते बहुतेक सारे एक आहेत, तो असा की देह नष्ट झाला तरी नष्ट न होणारे, स्वतः न बदलणारे असे काहीतरी माणसात आहे. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात जाऊन नेमके आमच्या आईचेच विचारतो: मेलेला माणूस उरतो की नाही? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात याला जुने कपडे टाकून नवे घालण्याची उपमा दिली आहे. ती आजही प्रत्येक तेराव्याला ऐकू येते. दुःखी माणसाला या कल्पनेतून धीर मिळतो, हे आम्ही नाकारत नाही. मास्तरांच्या ओळीतही तोच धीर होता.

पण वकिलाला कागदाची मागची बाजूही पाहण्याची सवय असते. जुने कपडे टाकून नवे कोणते मिळणार, हे कोण ठरवते? याचे उत्तर छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात आहे. ज्यांचे आचरण चांगले, त्यांना ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनी मिळेल. ज्यांचे आचरण वाईट, त्यांना कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची योनी मिळेल, असे तिथे सांगितले आहे. कुत्रा, डुक्कर आणि चांडाळ एका रांगेत! मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात हीच यादी आणखी लांबते. म्हणजे आत्मा हा नुसता अमर प्रवासी राहत नाही. तो जन्मोजन्मीची खातेवही बगलेत घेऊन फिरतो आणि त्या वहीप्रमाणे माणसाची जात ठरते. वही कोणी पाहिलेली नाही, नोंद कोणी तपासलेली नाही, अपील कुठे करायचे ते माहीत नाही. शिक्षा मात्र पिढ्यान् पिढ्या चालू!

या खातेवहीने माणसाचे काय होते, हे पाहायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जायला नको. चौदाव्या शतकातले आमचे चोखोबा. विठ्ठलावर एवढी माया करणारा माणूस, पण महार म्हणून देवळाच्या दाराबाहेर राहिला. विटाळ कोणाला नाही, असा खडा सवाल त्यांच्या अभंगांतून येतो. पण त्यांच्याच नावावरच्या एका अभंगात मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा महाराचा जन्म आला, अशी कबुलीही आहे. हे वाचताना अंगावर काटा येतो. दार बंद करणारे निर्दोष सुटले आणि दाराबाहेर उभा असलेला स्वतःलाच गुन्हेगार समजू लागला. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांबद्दलचा आदर त्यांनी जपला, पण ज्या विचाराने चोखोबांच्या तोंडी ती कबुली आली, तो विचार त्यांनी मुळापासून उपटला.

ही चौदाव्या शतकातली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. काही वर्षांपूर्वी बेसा भागातली एक बाई आमच्याकडे आली. नवरा मारहाण करायचा. हातावर वळ होते. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज तयार केला, वाचून दाखवला आणि सहीसाठी पुढे ठेवला. तिने पेन खाली ठेवला. म्हणाली, "मागच्या जन्माचं देणं फेडून राहिली मी, वकीलसाहेब. हे अर्धवट सोडलं तर पुढच्या जन्मी पुन्हा फेडावं लागल." ती सही न करता गेली. तिला तिच्या घरच्यांनी, शेजारच्यांनी लहानपणापासून हेच शिकवले होते. तिच्या नवऱ्याला वकिलाची गरजच पडली नाही. त्याची बाजू तिच्याच डोक्यात आधीपासून मांडून ठेवलेली होती. त्या दिवसापासून आत्मा आणि पुनर्जन्म हा फावल्या वेळच्या तत्त्वचर्चेचा विषय आहे, असे आम्ही म्हणत नाही.

यावर सुशिक्षित हिंदू मित्र म्हणतात, तुम्ही पोथ्यांतले वाईट तेवढे काढता. अद्वैत पाहा, सर्वांच्या ठायी एकच आत्मा, मग उच्चनीच राहतेच कुठे? हा युक्तिवाद वरवरचा नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'च्या भाषणात हिंदूंना सांगितले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुतेशी जुळणारी तत्त्वे हवी असतील तर ती तुमच्या उपनिषदांतूनही घेता येतील. त्यांनी दार उघडे ठेवले होते. पण त्या दारातून कोण बाहेर आले? जे शंकराचार्य सर्वत्र एकच ब्रह्म पाहतात, तेच ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात, अपशूद्राधिकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, शूद्राला वेदाध्ययनाचा आणि त्यातून येणाऱ्या विद्येचा अधिकार नाही असा निर्णय देतात. आत्मा एक, पण त्याचे ज्ञान घ्यायला दार दोन! 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथात बाबासाहेबांनी याच कोड्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. सर्वांत एकच ब्रह्म असल्याच्या सिद्धान्तातून लोकशाहीचा भक्कम पाया उभा राहू शकला असता, मग प्रत्यक्ष समाजव्यवहारात तो का उतरला नाही, असा त्यांचा सवाल आहे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून राज्य ढवळून निघाले. मोर्चे निघाले, प्रतिमोर्चे निघाले. पण ब्रह्माच्या या कोड्याला उत्तर द्यायला फारसे कोणी पुढे आले नाही.

आता तथागत काय म्हणतात ते पाहू. सारनाथला पंचवर्गीय भिक्खूंना पहिले प्रवचन दिल्यावर तथागतांनी जे दुसरे प्रवचन दिले, ते अनत्तलक्खण सुत्त. म्हणजे अनात्म हा विचार धम्मात मागाहून आलेला नाही, तो पायातच आहे. त्यातली मांडणी एखाद्या निष्णात वकिलासारखी आहे. माणूस म्हणजे काय? रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान, हे पाच स्कंध. म्हणजे शरीर, सुखदुःखाची जाणीव, ओळखण्याची शक्ती, मनाच्या घडणी आणि भान. यांपैकी एकेक पुढे घ्या आणि विचारा, हा 'मी' आहे काय? शरीर 'मी' असते तर ते माझ्या हुकमात राहिले असते. आजारी पडू नकोस म्हटले की पडले नसते. तसे होत नाही. भावना, विचार, भान यांचेही तेच. जे बदलते, जे हुकूम मानत नाही, त्याला माझा नित्य आत्मा कसे म्हणायचे? पाचही तपासून झाले आणि सहावे काही हाती लागले नाही. म्हणून तथागत सांगतात की माणूस हा एक चालता प्रवाह आहे. कारणे जुळली की घडतो, कारणे बदलली की बदलतो.

त्या काळीही हे पचायला जड गेले. साती नावाचा कोळ्याचा मुलगा भिक्खू झाला होता. हेच विज्ञान जसेच्या तसे एका जन्मातून दुसऱ्या जन्मात फिरते, असे तो सांगू लागला. तथागतांनी त्याला सर्वांसमोर बोलावून त्याची चूक दाखवली: विज्ञान कारणांवाचून उत्पन्न होत नाही, लाकडाने पेटली तर लाकडाची आग, गवताने पेटली तर गवताची आग, तसेच ते. पण त्याच वेळी, मेला की सारे संपले, केल्याचे काही उरत नाही, या उच्छेदवादालाही तथागतांनी नकार दिला. वच्छगोत्त परिव्राजकाने आत्मा आहे का, नाही का, असे दोन्ही बाजूंनी विचारले तेव्हा ते मौन राहिले, कारण दोन्हींपैकी कोणत्याही उत्तराने त्याचा गोंधळच वाढला असता. चळवळीतल्या आमच्या काही मित्रांनी हे ध्यानात घ्यावे. आत्मा नाकारणे म्हणजे 'खा, प्या, मजा करा' नव्हे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये हे स्पष्ट केले आहे. आत्म्याच्या बाबतीत तथागत उच्छेदवादी आहेत, पण ज्या भौतिक घटकांनी देह बनतो त्यांच्या बाबतीत नाहीत. देहाचे घटक निसर्गाच्या समूहात मिसळतात, ऊर्जा नष्ट होत नाही. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कशाचा, हा प्रश्न तर त्यांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकातच सोडवावयाच्या चार प्रश्नांत घातला आहे.

जातीच्या अंगाने पाहिले तर सर्वांत जिव्हाळ्याचे सुत्त अस्सलायन सुत्त. सोळा वर्षांचा विद्वान ब्राह्मण तरुण अस्सलायन तथागतांशी वाद घालायला येतो. तथागत त्याला एक जुनी हकिगत सांगतात. सात ब्राह्मण ऋषींना आपल्या जातीचा फार अभिमान. असित देवल त्यांना विचारतात, गर्भधारणा कशाने होते? ते म्हणतात, आई, बाप आणि जन्म घेऊ पाहणारा गंधब्ब हे तिघे जुळले म्हणजे. देवल विचारतात, मग तो गंधब्ब क्षत्रिय असतो, ब्राह्मण असतो, वैश्य असतो की शूद्र, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ऋषी म्हणतात, नाही. मग तुम्ही कोण आहात, हे तरी तुम्हाला ठाऊक आहे का? त्याचेही उत्तर त्यांना 'नाही' असेच द्यावे लागते. प्रतिपक्षाचेच गृहीतक धरून त्याचा दावा फेटाळणे म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर वकिलीच्या विद्यार्थ्यांनी हे सुत्त वाचावे. जन्माला येणारे जे कोणी असते त्याच्या कपाळावर जात लिहिलेली नसते. ती इथले लोक लिहितात.

पंधरा दिवसांनी मास्तरांशी बैठक झाली, तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न काढला. "आत्मा नाही तर जबाबदारी कोणाची? आज ज्यानं पाप केलं तो उद्या म्हणेल, मी तो नाहीच." प्रश्न रास्त आहे आणि तो दोन हजार वर्षांपूर्वी मिलिंद राजानेही भदंत नागसेनांना विचारला होता. नागसेन उदाहरण देतात. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, म्हणून मी निर्दोष. राजा म्हणतो, नाही, तो दोषी आहे. कारण हे आंबे त्या आंब्यापासूनच आले. दुसरे उदाहरण दिव्याचे. जेवायला लावलेल्या दिव्याने छपराला आग लागून गाव जळाले; मी ज्या ज्योतीत जेवलो ती वेगळी, गाव जाळणारी वेगळी, हा बचाव चालेल का? चालणार नाही. आम्ही मास्तरांना म्हणालो, आमची न्यायालये रोज हेच करतात. दहा वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याची शिक्षा देताना न्यायाधीश आरोपीच्या आत्म्याचा पुरावा मागत नाहीत. कृत्य, हेतू, साक्ष आणि कारणांची अखंड साखळी, एवढ्यावर जबाबदारी ठरते. उलट तुमच्या आत्म्याच्या हिशेबात ज्याला काही आठवत नाही, ज्याला आरोप सांगितलेला नाही, ज्याची बाजू ऐकलेली नाही, त्याला मागच्या जन्मासाठी शिक्षा होते. यात नैसर्गिक न्याय कुठे आहे? मास्तर हसले आणि म्हणाले, "हे कोर्टात ठीक आहे, पण मन मानत नाही." आम्ही म्हणालो, मन मानायला वेळ लागतो, आमच्या घरातही लागतो आहे.

बाबासाहेबांनी या मुद्द्यावर जे बोट ठेवले ते आपण प्रत्येकाने पाठ करावे असे आहे. मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धान्त कशासाठी रचला गेला असावा? गरीब आणि हीन-दीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, यापलीकडे त्यांना दुसरा हेतू दिसत नाही. अस्पृश्यता हे मागच्या जन्माचे फळ असेल तर ती नष्ट करणारे कलम १७ संविधानात कशाला हवे होते? दुःखाचे कारण याच जगात, याच समाजात आहे असे मानले, तरच ते दूर करण्याचा कायदा करता येतो. म्हणून अनात्मवादी धम्म आणि समतेचे संविधान यांची सांगड एकाच माणसाच्या हातून घातली जावी, यात आम्हाला योगायोग दिसत नाही.

आणखी एक गोष्ट कायद्याचीच, पण प्रत्येक घरातल्या मुलीशी संबंधित. आत्म्याला परलोकात पिंड लागतो आणि तो मुलाने द्यायचा. पुत्र बापाला नरकातून तारतो, असे मनूने म्हटले. या एका समजुतीने मुलगी घरात दुय्यम झाली. बंगालच्या दायभाग पद्धतीत तर मृताला पिंडाचा लाभ कोण देतो, यावर वारसांचा क्रम ठरत असे. आपल्याकडच्या मिताक्षरेत विज्ञानेश्वराने पिंडाचा अर्थ शरीर, म्हणजे रक्ताचे नाते, असा लावला खरा, तरी मुलगी जन्माने सहदायाद झाली नाहीच. हिंदू कोड बिलासाठी झगडून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५६ चा उत्तराधिकार कायदा, २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, एवढी मजल मारावी लागली तेव्हा कुठे मुलगी मुलाच्या बरोबरीने उभी राहिली. हा कायदा आपल्याला, बौद्धांनाही, लागू आहे. आमच्या घरी घाटावर बाबांच्या चितेला ताईने आणि आम्ही मिळून अग्नी दिला. कोणाला तारायचे नव्हते, म्हणून मुलगाच पाहिजे हा प्रश्नच नव्हता.

हे सारे लिहिताना आपल्या घराची झाडाझडतीही घेतली पाहिजे. जलदान विधीत आपण पात्रातून पाणी ओततो, पुण्य दिवंगतांना अर्पण करतो. आत्मा नाही तर ते कोणाला पोचते? तिरोकुड्ड सुत्तात तर भिंतीबाहेर ताटकळणाऱ्या मृत आप्तांचे वर्णन आहे. हे परंपरेत आहे, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे: जे बुद्धीला पटणारे आणि माणसाच्या कल्याणाशी निगडित, ते तथागतांचे मानावे. त्या कसोटीवर पुण्यानुमोदनाचा एकच अर्थ टिकतो, तो म्हणजे गेलेल्याने केलेल्या चांगल्या कामाला आपण अनुमोदन देणे आणि ते पुढे चालवणे. दुसरा अर्थ घेतला तर पिंडाच्या जागी पाणी आले, एवढाच फरक उरेल. कार्यक्रमात कालकथितांच्या कामाबद्दल दोन वाक्ये बोलायला कोणी नसावे आणि जेवणाच्या पंगती मात्र चार उठाव्यात, हे चित्र आपणच बदलायचे आहे.

आता आईचा प्रश्न. बाबा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद आले. आईला सहीसाठी बसवले. तिने चष्मा लावला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडून नाव लिहिले. तिचे 'र' आणि 'म' थेट बाबांच्या अक्षरासारखे आहेत हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. लग्न होऊन आली तेव्हा ती अंगठा लावायची. इंदोऱ्याच्या घरात पाटीवर गिरवून गिरवून बाबांनीच तिला लिहायला शिकवले होते. आम्ही म्हणालो, "आई, तू विचारलं होतंस ना, बाबा गेले कुठे? हे बघ. त्यांचं शरीर मातीत, पाण्यात, हवेत मिसळलं. आणि त्यांनी जे केलं ते इथं आहे. तुझ्या हातात आहे, ताईच्या नोकरीत आहे, आमच्या वकिलीत आहे. वरून कोणी त्याचा हिशेब करणार नाही. तो आपणच सांभाळायचा."

आई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे खरं हाय. पण ते बोलत नाहीत ना आता." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. प्रियजनांचा वियोग हे दुःख आहे, एवढे सत्य तथागतांनी पहिल्याच प्रवचनात सांगून ठेवले. ते नाही असे त्यांनी कोणाला भासवले नाही. खोटा दिलासा देण्यापेक्षा दुःखी माणसाजवळ बसून राहावे, हे आम्ही त्या घरात शिकलो. ताई आता कावळ्याला घास ठेवत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचे भांडे मात्र ठेवते, कोणत्याही तिथीची वाट न पाहता.

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतले आणखी एक बौद्ध गृहस्थ वारले. सकाळी मास्तर आमच्या दाराशी आले. हातात खडू होता. म्हणाले, "वकीलसाहेब, तो शब्द पुन्हा एकदा सांगा बरं, नीट लिहायचा आहे." आम्ही सांगितला: कालकथित. पालीतल्या 'कालकत' या शब्दावरून आलेला. ज्याने आपला काळ पूर्ण केला, तो. मास्तरांनी खाली जाऊन तो फळ्यावर लिहिला. आमच्याच लोकांना तो लिहायला कधी जमणार, एवढाच प्रश्न आहे.

जयभीम!